पंचनाम्यात न आलेली पडझड

"सर, तुम्ही मघाशी माझं नाव घेतलंत का?"

२०२१ चा जानेवारी. टाळेबंदीनंतर वर्ग नुकते भरू लागले होते. तास संपवून मी फळा पुसत होतो आणि अकरावीतला एक मुलगा दाराशी घुटमळत मला हे विचारत होता. मी नाव घेतलं नव्हतं. तसं सांगितल्यावर त्याने मान डोलावली, पण त्याला ते पटलं नव्हतं हे दिसत होतं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं, "कान दाखवून घे रे एकदा." बरं म्हणून गेला. नंतर त्याने विचारणं सोडलं, मागच्या बाकावर बसू लागला आणि मार्चनंतर यायचाच बंद झाला.

त्याला सायकोसिस हा मानसिक आजार होत होता. त्यावर उपचार सुरू झाले ते २०२२ च्या एप्रिलमध्ये. मधले पंधरा महिने कुठे गेले, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

त्या मुलाच्या घरावर आदल्या वर्षी काय काय आलं ते आधी सांगतो. गाव दापोली तालुक्यातलं, किनाऱ्यावरचं. २०२० च्या मे महिन्यात मुंबईहून काका बायकापोरांसह गावी आले. शाळेत विलगीकरण, त्यावरून वाडीत भांडणं. गणपतीत ज्यांच्या खांद्याला खांदा लावून आरत्या म्हटल्या, त्यांनीच विहिरीवर येऊ नका म्हणून सांगितलं. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला ते किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. वडील ज्या बोटीवर जात ती वर ओढलेली होती म्हणून वाचली. पण घराची कौलं गेली आणि आजोबांनी लावलेली पोफळीची बाग एका दुपारीत आडवी झाली. मुलगा तेव्हा माजघरात आजीला घट्ट धरून बसला होता. पुढे महिनाभर वीज नव्हती. घर जरा सावरतंय तोवर पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ.

तलाठी आले, ग्रामसेवक आले, पंचनामा झाला. कौलं किती, पोफळी किती, माड किती, गोठा होता का, गुरं किती. नोंद नीट केली होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्या पंचनाम्यात माणूस दोनच प्रकारे येतो, मृत किंवा जखमी. जो धडधाकट उभा आहे पण रात्रभर जागा असतो, त्याला तिथे जागा नाही. माझं म्हणणं असं की ती जागा असली पाहिजे, आणि एकदाच नाही, पुढची दोन-तीन वर्षं असली पाहिजे. हे मी कळवळ्यापोटी म्हणतो आहेच. पण त्यामागे मेंदूविषयी गेल्या काही दशकांत जमा झालेलं ज्ञानही आहे आणि ते आपल्या किनाऱ्यावर पोचलेलं नाही.

सायकोसिस म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं, लोक आपल्या वाईटावर टपलेत अशी पक्की खात्री होणं, बोलण्यातली संगती तुटणं. स्किझोफ्रेनिया हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला आजार. तो बहुतेकदा विशी-पंचविशीच्या आसपास सुरू होतो, मुलांमध्ये मुलींपेक्षा थोडा लवकर. १९७७ मध्ये झुबिन आणि स्प्रिंग या दोन संशोधकांनी याविषयी एक विचार मांडला आणि आजही तो पाया मानला जातो. प्रत्येकाची आजाराला बळी पडण्याची मर्यादा वेगळी असते. आयुष्यात येणारा ताण ती मर्यादा ओलांडून गेला की आजार दिसू लागतो.

आपल्याकडे हे समजावायला खाजणातला बांध पुरे. उधाणाची भरती सगळ्यांच्याच शेताला लागते. ज्याचा बांध उंच त्याच्या शेतात पाणी शिरत नाही. ज्याचा बांध मुळात ठेंगणा, किंवा खेकड्यांनी आतून पोखरलेला, त्याचं भात खाऱ्या पाण्याने जळतं. आनुवंशिकता हा बांधाच्या उंचीतला मोठा भाग आहे. पण तोच सगळा नव्हे. एकसारख्या जुळ्या भावांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला तो होत नाही, आणि दोघांची जनुकं तर तीच असतात. बालपणीचे आघात हा बांध पोखरणारा दुसरा मोठा भाग. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असं दिसलं की लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, छळ यांतलं काही सोसलेल्यांमध्ये सायकोसिसची शक्यता साधारण पावणेतीन पट होती.

आता ताण मेंदूपर्यंत पोचतो कसा? मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल सोडतात. थोड्या वेळापुरतं ते हवंच. वादळात आजीला ओढून माजघरात नेण्याचं बळ त्यातूनच येतं. पुरे झालं, आता थांबा, असं शरीराला सांगण्याच्या कामात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो. आठवणी घडवणारा भागही तोच. ताण महिनोन्महिने उतरलाच नाही तर हा थांबवणाराच थकतो. ब्रूस मॅकइवन या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत उंदरांना आठवडेच्या आठवडे ताणाखाली ठेवलं, तेव्हा तिथल्या पेशींच्या फांद्या आखूड झालेल्या आढळल्या. आणि ताण थांबल्यावर त्या पुन्हा वाढतात हेही अशाच प्रयोगांत दिसलं. हे दुसरं वाक्य मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पसचा आकार सरासरीने लहान असतो, हे अनेक अभ्यासांत आलं आहे. आजार अजून पुरता उमटलेला नाही, पण नाव घेतल्यासारखं वाटणं, उगाच संशय येणं अशा खुणा दिसतात, अशा तरुणांचे स्कॅनही पाहिले गेले. २०२१ मध्ये जगातल्या अनेक केंद्रांनी मिळून असे १,७९२ तरुण आणि १,३७७ निरोगी लोक यांची तुलना केली. पहिल्या गटात मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी किंचित कमी होती, आणि ज्यांना पुढे सायकोसिस झाला त्यांच्यात काही भागांत हा फरक अधिक होता.

पण इथे थांबून नीट विचार करायला हवा. ताणामुळे मेंदू बदलला, की मुळातच तसा मेंदू असलेल्याला ताण जास्त बाधला? व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांवरचा २००२ चा एक अभ्यास मला या बाबतीत फार बोलका वाटतो. तो आघातानंतरच्या तणावविकाराचा आहे, सायकोसिसचा नाही, पण प्रश्न तोच. युद्धातून आजारी होऊन आलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होता. मग त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावांना तपासलं, जे युद्धावर गेलेच नव्हते. त्यांचाही लहान निघाला! म्हणजे निदान तिथे लहान आकार हा युद्धाचा परिणाम नसून आधीपासूनचा कमकुवतपणा असावा. सायकोसिसच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत असंच आजवरच्या पुराव्यावरून मला दिसतं. म्हणूनच "टेन्शन घेतलं आणि डोकं फिरलं" हे म्हणणं जितकं अपुरं, तितकंच "मेंदूचाच दोष, परिस्थितीचा काय संबंध" हेही.

स्कॅनमधले हे फरक हजारोंच्या सरासरीत दिसतात. एका माणसाचा एमआरआय पाहून त्याला सायकोसिस होईल की नाही हे आज कुणालाही सांगता येत नाही. आणि माझ्या विद्यार्थ्याचे सगळ्यात जास्त महिने खाल्ले ते नेमके या गोष्टीने.

तो शाळेत येईनासा झाला तेव्हा घरच्यांनी आधी देवळात कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. मग कुणीतरी पलीकडच्या खाडीकाठचा भगत सुचवला. तोवर मुलगा टीव्हीवर टॉवेल टाकून बसू लागला होता, कारण बातम्या सांगणारी बाई त्याच्याबद्दल बोलत होती. दिवाळीनंतर काकांनी त्याला मुंबईला एका मोठ्या रुग्णालयात नेलं. डोक्याचा एमआरआय काढला. रिपोर्ट आला, नॉर्मल. गाठ वगैरे नाही ना हे पाहायला तो काढतात, आणि तसं पाहणं योग्यच. पण हे घरच्यांना कुणी समजावून सांगितलं नाही. गोळ्यांची चिठ्ठी दिली, पंधरा दिवसांनी या म्हणाले. पंधरा दिवसांनी दापोलीहून मुंबई कोण जाणार? आई मला म्हणाली ते वाक्य मी विसरलेलो नाही. "सर, फोटोत डोकं चांगलं आलंय. म्हणजे हे बाहेरचंच की हो."

त्या माउलीचा तर्क तिच्या जागी अगदी सरळ होता. डोक्यात काही सापडलं नाही, मग जे आहे ते डोक्याबाहेरचं. तिथून पुढे चार महिने भगत. स्वच्छ आलेल्या त्या काळ्या फिल्मने त्या घरात अंधश्रद्धेला पुरावा पुरवला, कारण फिल्म देणाऱ्याने सोबत पाच मिनिटं दिली नाहीत.

भगताकडे जाणाऱ्यांना हिणवून काही साधत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मारहाण, दोरीने किंवा साखळीने बांधणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे आणि तिथे गय नको. पण ज्या देवळात माणूस मन मोकळं करायला जातो, तिथल्या गुरवालाच "देवाचंही करा आणि डॉक्टरकडेही न्या" असं सांगायला तयार करता आलं तर? गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुवा एकत्र चालवण्याचा प्रयोग झाला. आपल्या गावऱ्हाटीत असं होऊ शकणार नाही, असं मला वाटत नाही. गुरवाचा शब्द वाडीत माझ्या शब्दापेक्षा जास्त चालतो.

आता वयाविषयी थोडं. सोळा ते पंचवीस या वयात मेंदू स्वतःची छाटणी करत असतो. नको असलेले जोड काढून टाकतो, हवे ते पक्के करतो. बागायतदाराला सांगायला नको, छाटलेलं झाड त्या काळात किती नाजूक असतं. आणि आपल्याकडे नेमक्या याच वयात काय होतं? मुलगा मुंबईला जातो, दहा बाय दहाच्या खोलीत आठ जणांत झोपतो. किंवा बोटीवर खलाशी म्हणून चढतो. रात्रीची जागरणं, महिना-महिना घराबाहेर, सोबतीला कधी दारू, कधी गांजा. कोवळ्या वयातला जास्तीचा गांजा सायकोसिसचा धोका वाढवतो, हे आता पुरेसं सिद्ध झालं आहे. मुलगी लग्न होऊन परक्या गावात जाते आणि लगेच बाळंतपण. स्थलांतर आणि सायकोसिस यांच्या संबंधाकडे तर १९३२ पासून लक्ष गेलेलं आहे. तेव्हा ओडेगार्ड या नॉर्वेजियन डॉक्टरांनी अमेरिकेत गेलेल्या आपल्या देशबांधवांमध्ये स्किझोफ्रेनिया जास्त असल्याचं दाखवलं होतं. आपल्या जिल्ह्यांचा संसार मनिऑर्डरीवर उभा राहिला असं आपण कौतुकाने सांगतो. ती पाठवणाऱ्याच्या डोक्यावर काय गेलं, याचा हिशेब मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गावातलीच जाणती माणसं घेतात. दर्या रोजच घरं बुडवतो, आम्ही काय वेडे झालो का? फयान वादळ सोसलं, २००५ चा पाऊस सोसला, सावित्रीचा पूल गेला, तिवऱ्याचं धरण फुटलं, तळियेवर डोंगर आला. खरं आहे. आपत्ती सोसलेल्यांपैकी बहुसंख्यांना सायकोसिस होत नाही, आणि बहुसंख्य माणसं आपल्याच माणसांच्या आधाराने उभी राहतात. मी प्रत्येक घरात रुग्ण शोधा असं म्हणतच नाही. पण बहुसंख्य तगतात म्हणून जे थोडे कोसळतात त्यांना मोजायचंच नाही, हे मला मान्य नाही. शिवाय २०२० मध्ये जे झालं त्यात तो आधारच तुटला होता. वादळ एकट्याने आलं नव्हतं. वाडी आधी दुभंगलेली होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. असं शोधत गेलात तर पोरांच्या कपाळावर शिक्का बसेल, लग्नं मोडतील. ही भीती खोटी नाही. धोक्याच्या खुणा दिसणाऱ्या तरुणांपैकी तीन वर्षांत साधारण चारातल्या एकालाच सायकोसिस होतो. म्हणजे तीन जणांना होत नाही. म्हणूनच अशा खुणा दिसताच सरसकट गोळ्या सुरू करणं चूक आहे. त्या टप्प्यावर हवं ते बोलणारं, ऐकणारं माणूस, झोप, गांजापासून सुटका, घरच्यांना समज आणि दर काही आठवड्यांनी विचारपूस. यातल्या कशालाही शिक्क्याची गरज नाही. आणि ज्याला खरोखरच आजार सुरू झाला, त्याच्यासाठी वेळ हेच औषध आहे. अमेरिकेतल्या २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत एकत्रित उपचारांचा फायदा मुख्यत्वे त्यांना झाला, ज्यांचा आजार ७४ आठवड्यांहून कमी काळ उपचाराविना राहिला होता. माझ्या विद्यार्थ्याचे पंधरा महिने मी त्या आकड्याशेजारी ठेवतो, तेव्हा तो जेमतेम आत बसतो.

२०१५-१६ मध्ये देशातल्या बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सायकोसिसचे दर चार रुग्णांपैकी जवळपास तीन उपचाराबाहेर असल्याचं दिसलं. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यातलं एक रत्नागिरीत आहे, हे कोकणाचं भाग्यच. पण दापोली-मंडणगडहून रत्नागिरी शंभराहून अधिक किलोमीटर. गाडी करून रुग्णाला न्यायचं तर दिवस जातो, मजुरी जाते, आणि वाडीभर चर्चा होते ती वेगळीच. २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, चांगली सोय आहे, मी स्वतः तो वर्गात फळ्यावर लिहितो. पण वादळानंतर टॉवर पडलेले असतात, आणि ज्याला फोनमधूनच आपल्यावर पाळत ठेवली जाते असं वाटतं तो फोन कसा करणार?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. सरकारी सेवा मिळण्याचा हक्क त्यात प्रत्येकाला दिलेला आहे, आणि जिल्ह्यात ती सेवा नसेल तर खर्चाची जबाबदारीही सरकारवर टाकलेली आहे. मागायचं ते हक्काचंच आहे. माझी मागणी अशी: तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या वारी यावेत आणि गोळ्या तिथेच मिळाव्यात. त्या मुलाची आई एकदा गोळ्या संपल्या म्हणून गेली, तर "साठा आला नाही, पुढच्या महिन्यात बघा" असं उत्तर मिळालं. मधुमेहाच्या गोळीबाबत असं होतं तेव्हा लोक ओरडतात. इथे कुणी ओरडत नाही, कारण ओरडायचं तर घरात काय आहे ते सांगावं लागतं.

आणि आपत्ती आली की पंचनाम्यासोबत त्या वाड्यांतल्या पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींची एक साधी यादी व्हावी. तीन महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी कुणीतरी जाऊन विचारावं: झोप लागते का, शाळा किंवा काम सोडलं का, कुणी हाक मारल्यासारखं वाटतं का. यासाठी मोठा डॉक्टर लागत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत गोवा, सातारा आणि तामिळनाडूतल्या २८२ स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींच्या घरी नेहमीच्या उपचारांसोबत प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते जात होते. वर्षभरानंतर त्यांची स्थिती फक्त दवाखान्यात जाणाऱ्यांपेक्षा बरी होती. फरक माफक होता, चमत्कार नव्हता. पण तो शक्य झाला साध्या, गावातल्या माणसांच्या हातून, आणि त्यातलं एक ठिकाण तर आपल्याच किनाऱ्यावरचं.

भरपाईचे पैसे वेळेवर देणं हासुद्धा मी मानसिक आरोग्याचाच उपाय मानतो. बाग एका दुपारी गेली, पण नव्या पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. त्या वर्षांत बापाने कचेरीत घातलेली प्रत्येक खेप घरात ताण होऊन परत येते, आणि तो ताण पोरं बघत असतात.

माझा विद्यार्थी आता बरा आहे. पूर्ण बरा नाही. गर्दीत जात नाही, परीक्षेला बसायचं म्हणतो आणि पुढे ढकलतो. गोळ्यांनी वजन वाढलंय. सकाळी वडिलांसोबत जाळी विणतो आणि हात चांगला बसला आहे. त्यांच्या वाडीची आशाताई माझीच जुनी विद्यार्थिनी. मागच्या पावसाळ्यात वाऱ्याचा इशारा आला त्या दिवशी ती त्यांच्या ओट्यावर बसलेली मला दिसली. हातात तिची नेहमीची वही होती, गरोदर बायकांचे, बीपीचे, साखरेचे रकाने आखलेली. उजवीकडे समासात तिने पेनाने आणखी एक रकाना ओढला होता आणि वर लिहिलं होतं, "झोप". हे करायला तिला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. "कुणी नाय सर," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे वळून विचारू लागली की पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात आहेत ना, रस्ता बंद झाला तर.